वादळाच्या पट्ट्यातली प्रवेशद्वाराची कॅनॉपी आणि वाऱ्याचा भार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या दोन वादळांनंतर सोसायट्यांचे सेक्रेटरी, फॅब्रिकेटर आणि नुकतेच पास झालेले इंजिनीअर मला तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. स्वतःच्या खांबांवर सुटी उभी असलेली, चारही बाजूंनी मोकळी कॅनॉपी, म्हणजे प्रवेशद्वारावरचं छत, हा मुख्य विषय. आकडे आयएस ८७५ (भाग ३) : २०१५ या भारतीय मानकातले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

१. चार खांब आणि वर पत्रा. एवढ्याशा कॅनॉपीला कसला आलाय हिशेब?

कॅनॉपी पडेल की काय, याची काळजी सगळे करतात. खरी भीती ती उडण्याची असते. बंद घराच्या छपरावर वारा फक्त वरून जातो, कॅनॉपीच्या मात्र वरूनही जातो आणि खालूनही. वरून ओढ, खालून ढकल, दोन्ही एकाच दिशेने. त्यात तिचं वजन अगदी किरकोळ, चौरस मीटरला २०-२५ किलो.

निसर्गनंतर आठवड्याभराने श्रीवर्धन तालुक्यात एका शाळेची कॅनॉपी पाहिली. ती रस्त्यापलीकडच्या सुपारीच्या वाडीत उलटी पडली होती. पत्रा जवळजवळ शाबूत, वेल्डिंग एकही तुटलेलं नाही, खांब सरळ. चारही खांबांच्या टोकाला काँक्रीटचे ठोकळे मात्र तसेच होते, उपटलेल्या मुळ्याला माती चिकटून यावी तसे. टेप लावली तर ठोकळा दीड फूट लांब, रुंद आणि खोल, म्हणजे एकेकाचं वजन जेमतेम सव्वादोनशे किलो. फॅब्रिकेटरचं काम चोख होतं. जमिनीखालचं काम कोणी मोजलंच नव्हतं.

२. मुंबईसाठी वेग किती धरायचा? हवामान खात्याने निसर्गच्या वेळी ताशी १००-११० किलोमीटर सांगितला होता, तोच घेऊ का?

नाही. मानकाच्या यादीत मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. नागपूरलाही ४४, पुणे, नाशिक आणि पणजीला ३९, तर चेन्नई, विशाखापट्टणम, भुवनेश्वरला ५०. तुमचं गाव यादीत नसेल तर मानकातला नकाशा पाहावा आणि दोन पट्ट्यांच्या सीमेवर असाल तर वरचा आकडा घ्यावा.

हवामान खातं वादळाचा जो वेग सांगतं तो तीन मिनिटांच्या सरासरीचा, ‘सतत’ वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो. मानकातला वेग तीन सेकंदांच्या झोताचा असतो. तो मोकळ्या मैदानावर जमिनीपासून १० मीटरवर धरलेला असून सरासरी पन्नास वर्षांतून एकदा गाठला जाईल असा असतो. पत्रा उडायला तीन मिनिटं लागत नाहीत. बातमीतला आकडा डिझाइनमध्ये घालणं ही मी पाहिलेली सगळ्यात सामान्य चूक आहे, आणि ती नेहमी धोक्याच्याच बाजूला नेते.

झोत फक्त चक्रीवादळातच येतो असंही नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण गेले, ते वळवाच्या वादळात.

३. वेगापासून दाब कसा काढायचा?

मूळ वेगाला चार गुणकांनी गुणायचं. पहिला इमारतीचं आयुष्य आणि तिचं महत्त्व यांचा (नेहमीच्या बांधकामाला १.०), दुसरा भूभाग आणि उंचीचा, तिसरा चढउताराचा, चौथा चक्रीवादळाचा (प्रश्न ४).

दुसऱ्या गुणकाकडे नीट पाहा. १० मीटर उंचीपर्यंत तो उघड्या समुद्रकिनारी १.०५, तुरळक अडथळ्यांच्या मोकळ्या भागात १.००, दाट वस्तीच्या उपनगरासारख्या भागात ०.९१ आणि उंच इमारतींच्या गर्दीत ०.८० असतो. वर्सोव्याची सोसायटी ‘मुंबई शहर’ म्हणून ०.८० घेऊन मोकळी होते आणि गेट असतं थेट समुद्राकडे तोंड करून. वारा पिनकोड बघत नाही. तो ज्या बाजूने येणार ती बाजू बघा.

मग दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. यावर दिशेचा, क्षेत्रफळाचा आणि एकत्रित परिणामाचा असे आणखी तीन गुणक लागतात. क्षेत्रफळाचा गुणक १० चौरस मीटरपर्यंत १.०, २५ ला ०.९ आणि १०० च्या पुढे ०.८. मोठ्या छतावर सगळीकडे एकाच क्षणी कमाल झोत येत नाही, म्हणून ही सवलत. तीनही मिळून कितीही कपात झाली तरी दाब ७० टक्क्यांच्या खाली न्यायचा नाही.

४. कोकणात चक्रीवादळाचा वाढीव गुणक लावायचा की नाही?

सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात. मानक हा गुणक पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरातच्या किनाऱ्याच्या ६० किलोमीटर पट्ट्यासाठी सांगतं. महाराष्ट्र आणि गोवा त्यात नाहीत. त्यामुळे कागदोपत्री अलिबाग, मुरुड, दापोली, मालवण इथे तो १.००. मानक आलं २०१५ मध्ये. पाच वर्षांनी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला तीव्र चक्रीवादळ म्हणून किनाऱ्याला धडकलं.

पण गुणकाचे आकडे पाहिल्यावर वादातली निम्मी हवा निघून जाते. वादळानंतर ज्यांची गरज लागते अशा इमारतींना, म्हणजे रुग्णालय, निवाराघर, शाळा, दळणवळणाचे मनोरे, यांना १.३०, औद्योगिक बांधकामांना १.१५, बाकी सगळ्यांना १.००. म्हणजे सोसायटीचं गेट पुरीत असतं तरी १.००च लागलं असतं! प्रश्न खरा आहे तो रुग्णालयांचा आणि शाळांचा. १.३० चा वर्ग १.६९, म्हणजे दाब जवळजवळ पावणेदोन पट.

माझं मत : कोकण किनाऱ्यावरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा निवारा म्हणून वापरल्या जाणाऱ्या शाळेच्या कॅनॉपीला १.३० घ्यावा. मानक सक्ती करत नाही, मनाईही करत नाही. रुग्णवाहिकेच्या वाटेवर कॅनॉपी आडवी पडली तर आतलं रुग्णालय धडधाकट असून काय उपयोग?

इतर सगळ्यांनी दिशेच्या गुणकाकडे लक्ष द्यावं. तो एरवी ०.९ असतो, पण चक्रीवादळाच्या प्रदेशात १.० घ्यायचा असतो, कारण वादळ पुढे सरकताना वारा दिशा बदलत जातो. कोकणासाठी मी आता डोळे झाकून १.० घेतो.

५. मानकातल्या कॅनॉपीच्या कोष्टकात ‘अडथळा’ असा शब्द आहे. आमच्या कॅनॉपीखाली तर फक्त वॉचमनची केबिन आहे, तो अडथळा का?

होय. मानकात अडथळ्याच्या प्रमाणाला ग्रीक अक्षर फाय वापरलं आहे. वाऱ्याच्या दिशेने पाहिलं तर छताखालच्या एकूण मोकळ्या जागेपैकी किती भाग अडलेला आहे, ते हे प्रमाण. काहीच नसेल तर ०, पूर्ण बंद असेल तर १, मधल्यासाठी प्रमाणात आकडा काढायचा. खाली अडलेला वारा बाहेर पडायला वाट शोधतो आणि पत्रा वर ढकलतो.

१० अंश उताराच्या एकपाखी (एकाच बाजूला उतार असलेल्या) कॅनॉपीला संपूर्ण छताचा गुणांक, म्हणजे दाबाला ज्याने गुणायचं तो आकडा, असा : खाली दाबणारा +०.५, वर उचलणारा मोकळी असताना −०.९ आणि खाली पूर्ण अडलेलं असताना −१.३. आतली आणि बाहेरची दोन्ही बाजू यात आलेली आहे, पुन्हा वेगळा आतला दाब मिळवू नये.

डिझाइनच्या दिवशी कॅनॉपी मोकळीच असते. मग येते केबिन, तिच्यामागे दुचाकी, सणाला दोन खांबांत ताणलेला फ्लेक्स, आणि एक दिवस पावसाची झड येते म्हणून एका बाजूला कायमचा पत्रा. मी सोसायटीला सरळ विचारतो, ‘पुढच्या पाच वर्षांत इथे काय काय ठेवणार?’ उत्तर ‘काही नाही’ असलं तरी निम्मा अडथळा धरतो.

६. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

वर्सोव्यात समुद्रासमोर गेट. कॅनॉपी ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी उंची साडेतीन मीटर, एकपाखी, उतार १० अंश, चार कोपऱ्यांत चार खांब.

वेग = ४४ × १.०५ = ४६.२ मीटर प्रति सेकंद (वेगाचे बाकीचे गुणक १.०). दाब = ०.६ × ४६.२² = १२८१ न्यूटन, म्हणजे १.२८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, त्याचा गुणक साधारण ०.९१, दिशेचा आणि एकत्रित परिणामाचा १.०. हाती आला १.१६.

खाली मोकळं असेल तर उचलणारा जोर ०.९ × १.१६ × २४ = २५ किलोन्यूटन, सुमारे अडीच टन. पूर्ण अडलेलं असेल तर १.३ घेऊन ३६ किलोन्यूटन. कॅनॉपीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला २५ किलो धरलं तर ६ किलोन्यूटनच्या आत.

आता पाया. उलथण्याच्या तपासणीत उचलणाऱ्या जोराला १.४ ने गुणायचं आणि धरून ठेवणारं वजन ०.९ पटच मोजायचं. अडीच फुटी (७५० मिलिमीटर) घन ठोकळा साधारण १० किलोन्यूटनचा. चार ठोकळे आणि कॅनॉपी मिळून ४६, त्याचे ०.९ पट ४१.७. समोर १.४ × २५ = ३५. बसलं असं वाटतं.

इथेच थांबणारे पुष्कळ आहेत. पण जोर चार खांबांत सारखा वाटला जात नाही. एकपाखी कॅनॉपीवर तो वाऱ्याकडच्या कडेपासून रुंदीच्या ०.३ अंतरावर धरायचा असतो. म्हणजे पुढच्या दोन खांबांवर ७० टक्के, एकेकावर ८.८. त्याच्या १.४ पट १२.३ आणि धरायला फक्त ०.९ × (१०.१ + १.५) = १०.४ (१.५ हा कॅनॉपीच्या वजनाचा चौथा हिस्सा). अडीच फुटी ठोकळा नापास. तीन फुटी (१७.५ किलोन्यूटन) मोकळ्या कॅनॉपीला पुरतो, पूर्ण अडलेल्या स्थितीत तोही थोडक्यात हुकतो.

त्यात पावसाळा. जूनमध्ये किनाऱ्यालगत खड्ड्यात पाणी वरपर्यंत येतं आणि पाण्यात बुडालेलं काँक्रीट घनमीटरला २४ ऐवजी १४ किलोन्यूटनच भरतं. मग तीन फुटीही गेला. म्हणून नुसते ठोकळे मोठे करत बसण्यापेक्षा फुटिंग (खांबाखालचा पसरट पाया) रुंद आणि खोल करून वरची माती कामाला लावावी, किंवा दोन-दोन खांब जमिनीखाली एकाच बीमवर घ्यावेत.

७. आर्किटेक्टला मधे एकच खांब हवा आहे, छत्रीसारखा. चालेल?

चालेल, पण आता सगळा कारभार मधल्या खांबाच्या बुडाशी आला. वर सांगितलेल्या ०.३ रुंदीमुळे जोर मध्यापासून ०.२ रुंदीवर पडतो. प्रश्न ६ च्या मापांवर २५ × ०.२ × ४ = २० किलोन्यूटन-मीटर इतका वाकवणारा जोर नुसत्या उचलीमुळे. वारा उलट्या बाजूने आला की तोच उलटा. बेस प्लेटचे (खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटाचे) बोल्ट आळीपाळीने ताणले जातात. अशा खांबाला ड्रिल करून ठोकलेले विस्तारणारे अँकर मी मान्य करत नाही. काँक्रीट ओतण्याआधी सळईच्या जाळीत बसवलेले जे-बोल्ट हवेत.

८. वादळात कडेचेच पत्रे का जातात?

कडेला वारा फाटतो आणि तिथे भोवरे तयार होतात. म्हणून मानकात कडा आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांसाठी वेगळे स्थानिक गुणांक दिले आहेत, संपूर्ण छताच्या गुणांकाच्या दुपटीच्या आसपास. ते पत्रा, स्क्रू आणि कडेच्या पर्लिनसाठी (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीसाठी) वापरायचे; खांब आणि पायासाठी प्रश्न ६ मधले. क्षेत्रफळाची सवलत स्क्रूला मिळत नाही, त्याच्या वाट्याचं क्षेत्र १० चौरस मीटरपेक्षा कितीतरी कमी असतं.

कडेला स्क्रू दुप्पट दाट हवेत आणि वॉशर रुंद. बहुतेक वेळा स्क्रू निघत नाही, पत्राच स्क्रूच्या डोक्यावरून ओढला जातो. पॉलिकार्बोनेटला तर हे जास्तच लागू.

९. वारा वर उचलतो हे समजलं. आडवा भार किती?

दोन येतात : पृष्ठभागाच्या घर्षणाचा आणि दर्शनी पट्टीवरचा. दोन्ही काढायचे आणि मोठा तेवढाच घ्यायचा. सोसायटीच्या नावाची ६ मीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच पाटी असेल तर ३.६ चौरस मीटर × १.३ (दर्शनी पट्टीचा गुणांक) × १.२८ (प्रश्न ६ मधला दाब) = ६ किलोन्यूटन. गुळगुळीत पत्र्याचं घर्षण (गुणांक ०.०१) त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं. हे ६ किलोन्यूटन साडेतीन मीटर उंचीवर लागतात, म्हणजे खांबांच्या बुडाशी एकूण २१ किलोन्यूटन-मीटर. नावाची पाटी मागाहून ‘थोडी मोठी’ करून घेणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

१०. १० मीटरपेक्षा बुटक्या बांधकामाला दाबात २० टक्के सूट आहे ना?

आहे, पण ती इमारतीच्या सांगाड्यासाठी आणि स्थैर्यासाठी; पत्रे आणि स्क्रूसाठी नाही. समुद्रासमोरच्या मोकळ्या कॅनॉपीला मी ती घेत नाही. प्रश्न ६ मध्येही घेतलेली नाही.

११. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘साहेब, तात्पुरती आहे, कमी वेग चालतो.’

तात्पुरत्या बांधकामाला पाच वर्षांचं आयुष्य धरून ४४ च्या पट्ट्यात ०.७३ गुणक आहे. दाब निम्म्यावर येतो, ०.७३ चा वर्ग ०.५३. सवलत खरी, पण ती उतरवण्याची तारीख ठरलेल्या गोष्टीसाठी. करारात ती तारीख लिहायला सांगा. बहुतेक वेळा फॅब्रिकेटरच १.० वर येतो.

१२. आमची कॅनॉपी २ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच आहे. कोष्टकात बसत नाही, मग?

बरोबर पकडलंत. कोष्टक उंची भागिले रुंदी पाव ते १ आणि लांबी भागिले रुंदी १ ते ३ असेल तेव्हाचं आहे. तुमचं पहिलं गुणोत्तर १.७५. लहान कॅनॉपीसाठी मी तेच गुणांक पूर्ण अडथळा धरून घेतो आणि अहवालात तसं लिहून ठेवतो.

शेजारी वीस मजली टॉवर असेल तर मात्र अंदाजाने चालत नाही. टॉवरच्या तोंडावर आदळलेला वारा खाली घसरून कॅनॉपीवर येतो, आणि हे कोणत्याच कोष्टकात नाही. मोठं काम असेल तर पवनबोगद्यातली चाचणी करावी. टेकडीवरच्या किंवा कड्यावरच्या देवस्थानाच्या गेटला चढउताराचा गुणक १.० वर सोडू नये. उतार ३ अंशांपेक्षा जास्त असला की तो वाढतो, १.३६ पर्यंत जातो.

१३. कॅनॉपी एका बाजूने इमारतीला जोडलेली असेल तर?

मग ती या पानावरची कॅनॉपी राहिली नाही. भिंतीवर आदळलेला वारा तिच्याखाली कोंडतो. छपराच्या बाहेर आलेल्या भागाचे नियम पाहावेत : खालच्या बाजूचा गुणांक उतार खाली असेल तर १.२५, सपाट असेल तर १.०, वर असेल तर ०.७५. वरच्या बाजूचा लगतच्या छपराचा घ्यायचा. प्रश्न ५ चं कोष्टक इथे वापरू नये.

१४. कॅनॉपी दहा वर्षांची आहे, नकाशे नाहीत. तपासायचं कसं?

एका खांबाशी खणा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ठोकळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजा आणि प्रश्न ६ मध्ये घाला. बेस प्लेटवरची फरशी काढायला सांगा. समुद्राकाठी बोल्ट फरशीखालीच खातो. माझ्याकडे असा एक बोल्ट आहे, वर नट अगदी नवा दिसतो आणि खाली दांडा पेन्सिलीएवढा उरलेला. पाया कमी पडत असेल तर जुन्या ठोकळ्याभोवती नवं काँक्रीट नुसतं ओतून भागत नाही, जुन्यात सळया बसवून दोन्ही जोडावं लागतं.

१५. मी फ्लोरिडात आहे. तिथले वेग बघून धडकीच भरते. आपण फारच कमी धरतो का?

हरिकेन आणि चक्रीवादळ एकच, पण दोन्हीकडचे वेग शेजारी ठेवता येत नाहीत. मायामी-डेड काउंटीत सामान्य इमारतीला ताशी १७५ मैल, म्हणजे सेकंदाला ७८ मीटर. दोन्ही वेग तीन सेकंदांच्या झोताचेच. फरक असा की अमेरिकन मानक, एएससीई ७, हा वेग सुमारे ७०० वर्षांतून एकदाचा धरतं आणि पुढे भाराला गुणक १.०. आपला ५० वर्षांचा, पण खांब-बीमच्या ताकदीच्या तपासणीत वाऱ्याच्या भाराला १.५ ने गुणतो. ७८ चा वर्ग ४४ च्या वर्गाच्या तिप्पट. दीडने भागल्यावर दुपटीच्या थोडं वर. मायामी मुंबईपेक्षा खडतर आहेच, पण तिप्पट नाही.

तिथे अडथळ्याची रेघ ५० टक्क्यांवर आहे : त्याहून कमी तर मोकळं, जास्त तर अडलेलं. भिंतीला जोडलेल्या कॅनॉपीसाठी २०१६ च्या आवृत्तीपासून वेगळं कलम आहे, ६० फुटांपर्यंतच्या इमारतींना. एका मानकाचा वेग आणि दुसऱ्याचा गुणांक अशी खिचडी तेवढी करू नका. दर वर्षी एक तरी तशी गणना माझ्याकडे तपासायला येते.